अक्षरशोधाची त्रेपन्न वर्षे : ‘वर्ड वेज’ त्रैमासिकाची वाटचाल

फेब्रुवारी १९६८ मध्ये अमेरिकेतील ग्रीनवुड पीरिऑडिकल्स या प्रकाशनसंस्थेने ‘वर्ड वेज’ या त्रैमासिकाचा पहिला अंक काढला. केवळ शब्दांच्या खेळाला वाहिलेले असे नियतकालिक इंग्रजीत यापूर्वी निघाले नव्हते. पाचही स्वर ओळीने येतात असा शब्द कोणता, एकही अक्षर दुसऱ्यांदा न येणारा सर्वांत लांब शब्द किती अक्षरांचा, ‘ई’ हे अक्षर पूर्ण टाळले तर कुठवर मजल जाते, असले प्रश्न तोवर रविवारच्या पुरवणीत कोडी-विनोदांच्या शेजारी एखादा कोपरा धरून असत. ‘वर्ड वेज’ने त्यांना स्वतःचे घर दिले आणि राहण्यासाठी एक अटही घातली. शब्द मिळाला असेल तर तो कोणत्या कोशात मिळाला, हे सांगितलेच पाहिजे. पुढील त्रेपन्न वर्षांत संपादक बदलले, प्रकाशक बदलले, गावे बदलली. ही अट मात्र कायम राहिली.

या हौसेची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. ४ जुलै १८८३ रोजी न्यूयॉर्क येथे हौशी कोडेकारांनी ‘ईस्टर्न पझलर्स लीग’ स्थापन केली. १९२० मध्ये तिचे नाव ‘नॅशनल पझलर्स लीग’ झाले. सभासद टोपणनावाने वावरत आणि ‘द एनिग्मा’ या संघाच्या मुखपत्रात एकमेकांची कोडी सोडवत. आडव्या-उभ्या दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येणारे शब्दचौकोन रचणे हा त्यांचा विशेष अभिमानाचा प्रांत होता. अमुक अक्षर तिसऱ्या जागी आणि तमुक अक्षर सातव्या जागी असलेला शब्द हवा, अशी गरज या चौकोनांमुळेच प्रथम गंभीरपणे निर्माण झाली. त्यासाठी लोक कोश चाळत, हाताने याद्या करत आणि त्या जिवापाड जपत.

संघाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला प्रसंग फेब्रुवारी १९३५ चा. न्यूयॉर्कमधील हॉटेल न्यूयॉर्कर येथे भरलेल्या सहामाही अधिवेशनात ‘इलेक्ट्रोफोटोमायक्रोग्राफिकली’ या २८ अक्षरी शब्दाला पदच्युत करून ४५ अक्षरांचा एक नवा शब्द इंग्रजीतील सर्वांत लांब शब्द म्हणून मान्य करण्यात आला : ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे गेल्याने होणारा फुप्फुसाचा विकार, असा त्याचा अर्थ सांगितला गेला. तो रचण्याचे श्रेय संघाचे तत्कालीन अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांना दिले जाते. ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ने बातमी छापली आणि १९३९ मध्ये हा शब्द वेबस्टरच्या बृहद्कोशाच्या पुरवणीतही जाऊन बसला. डॉक्टरांनी तो फारसा वापरला नाही. लांब शब्दाचा नमुना म्हणून दाखवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, हे पुढे ऑक्सफर्डच्या कोशानेही नोंदवून ठेवले. शब्द आधी घडवायचा आणि मग सापडला म्हणून मिरवायचा, ही वाट सोपी आहे. शोधलेला शब्द आणि घडवलेला शब्द यांत भेद कसा करायचा, हा प्रश्न मात्र त्या अधिवेशनाने मागे ठेवला, आणि तो या क्षेत्राला आजतागायत पुरला आहे.

त्या प्रश्नाला शिस्तीने भिडणारा पहिला माणूस म्हणजे दिमित्री बोर्गमन. १९२७ मध्ये बर्लिन येथे जन्मलेले बोर्गमन १९३६ मध्ये, नाझी राजवटीतून बाहेर पडलेल्या कुटुंबासह अमेरिकेत आले. शिकागो परिसरात विमागणितज्ञ म्हणून नोकरी करत असताना त्यांनी कोशांचे जे वाचन केले, ते थक्क करणारे होते. ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये गणिती करमणुकीचे सदर चालवणारे मार्टिन गार्डनर यांनी त्यांना वाचकांसमोर आणले. १९६५ मध्ये बोर्गमन यांचे ‘लँग्वेज ऑन व्हेकेशन’ आणि १९६७ मध्ये ‘बियाँड लँग्वेज’ प्रसिद्ध झाले. इंग्रजीत पूर्वीपासून असलेला, पण अडगळीत पडलेला ‘लॉगॉलॉजी’ हा शब्द उचलून त्यांनी या साऱ्या उद्योगाला शास्त्राला शोभेल असे नाव दिले. अक्षरशोधाला वेगळे नियतकालिक असावे या कल्पनेमागे प्रेरणा गार्डनर यांचीच होती, आणि संपादक म्हणून बोर्गमन यांच्याखेरीज दुसरे नाव पुढे येण्याचा प्रश्नच नव्हता.

सुरुवातीची दोन वर्षे मात्र अस्थिरतेची गेली. बोर्गमन यांनी १९६८ चे चार अंक संपादित केले आणि ते बाजूला झाले. १९६९ मध्ये ओरेगनचे हॉवर्ड बर्गरसन यांनी धुरा घेतली. विलोमपदे आणि अक्षरपालट यांत त्यांचा हातखंडा होता. १९७३ मध्ये डोव्हर प्रकाशनाने काढलेले त्यांचे ‘पॅलिन्ड्रोम्स अँड अ‍ॅनाग्रॅम्स’ आजही संग्राह्य मानले जाते. परंतु वर्षअखेरीस ग्रीनवुडने त्रैमासिकातून अंग काढून घेतले. असल्या विषयाला वर्गणीदार ते किती मिळणार, हा व्यावसायिक हिशेब चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. दोन वर्षांचे, आठ अंकांचे हे नियतकालिक तिथेच मिटायचे. अमेरिकेत तेवढ्यात मिटलेली हौशी नियतकालिके पुष्कळ आहेत.

ते मिटले नाही याचे श्रेय न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या एकलर दांपत्याकडे जाते. ए. रॉस एकलर हे प्रिन्स्टनमधून गणितात डॉक्टरेट मिळवलेले आणि बेल लॅबोरेटरीजमध्ये संख्याशास्त्रज्ञ. त्यांचे वडील १९६५ ते १९६९ या काळात अमेरिकेच्या जनगणना विभागाचे संचालक होते, म्हणजे मोजणी त्यांच्या घरातच होती. क्षेपणास्त्रे लक्ष्यांवर कशी वाटावीत या विषयावरचा गणिती ग्रंथ त्यांनी स्टीफन बर यांच्यासह लिहिला, तो १९७२ मध्ये आला. त्याच सुमारास हेच गृहस्थ दर तीन महिन्यांनी शब्दचौकोनांची मुद्रिते तपासत होते. फेब्रुवारी १९७० पासून त्यांनी ‘वर्ड वेज’ स्वतःच्या जबाबदारीवर चालवायला घेतले. संपादन रॉस यांचे, आणि व्यवहाराचा मोठा भार त्यांच्या पत्नी फेथ यांच्यावर. स्प्रिंग व्हॅली रोडवरील त्यांचे राहते घर हेच कार्यालय झाले. कोणतेही विद्यापीठ, कोणतीही प्रकाशनसंस्था पाठीशी नसताना त्यांनी छत्तीसहून अधिक वर्षे अंक काढला. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, असा क्रम ठरलेला.

या काळात अक्षरशोध प्रत्यक्षात कसा चाले, हे समजून घेतल्याखेरीज त्या कष्टांची कल्पना येत नाही. अमुक अक्षरांनी सुरू होणारा शब्द हवा असेल तर साधा कोश पुरतो. अमुक अक्षरांनी संपणारा हवा असेल तर कोश उलटा लावावा लागतो. तसा उलटा कोशही होता. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात ए. एफ. ब्राऊन यांच्या देखरेखीखाली १९६३ मध्ये तयार झालेल्या आठ खंडांच्या यादीत इंग्रजी शब्द आधी सुलट आणि मग उलट क्रमाने लावलेले होते. गणित आणि गूढलिपी हे दोन्ही विषय असलेल्या जॅक लेव्हिन यांनी १९७१ ते १९७३ दरम्यान शब्दांना अक्षरांच्या पुनरावृत्तीच्या साच्यांनुसार मांडणाऱ्या याद्या काढल्या. त्या मुळात सांकेतिक लिपी फोडणाऱ्यांसाठी होत्या, पण कोणते अक्षर कुठे पुन्हा येते हे विचारणाऱ्या शब्दक्रीडकांना त्या आयत्याच मिळाल्या. अडचण होती ती मधल्या अक्षरांची. शब्दाच्या पोटात एखादा दुर्मीळ अक्षरसमूह हवा असेल तर कोणतीही यादी कामाची नसे. कोश उघडायचा आणि पहिल्या पानापासून वाचत जायचे, एवढाच मार्ग. १९३४ च्या वेबस्टर बृहद्कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सहा लाखांहून अधिक नोंदी असल्याचा प्रकाशकांचा दावा होता. ती वाचून काढणारी माणसे या त्रैमासिकाभोवती जमली होती.

इंग्रजीचे वर्णलेखन उच्चाराला फारसे बांधलेले नाही, म्हणून अक्षर हा या भाषेत एक सुटा मोहरा ठरतो आणि असा खेळ तिथे बहरतो. त्यातून हाती आलेले शब्द आज सर्वत्र फिरताना दिसतात. ‘फसीशस’ आणि ‘अ‍ॅबस्टीमियस’ या दोहोंत ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर एकेकदा आणि त्याच क्रमाने येतात. ‘सबकाँटिनेंटल’मध्ये तेच पाच स्वर नेमके उलट क्रमाने. पाच स्वरांचे क्रम होतात १२०, त्यामुळे उरलेल्या ११८ क्रमांचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘अनकॉपीराइटेबल’ आणि ‘डर्मटोग्लिफिक्स’ या दोन्ही शब्दांत पंधरा अक्षरे आहेत आणि एकही दुबार नाही. ‘स्ट्रेंग्थलेसनेस’च्या सोळा अक्षरांत स्वर म्हणून केवळ ई. २९ अक्षरांच्या ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’मध्ये आय नऊ वेळा येतो, ई मात्र एकदाही नाही, आणि इंग्रजीत ई सर्वाधिक वापरले जाणारे अक्षर आहे हे ध्यानात घेतले की या शब्दाची मातब्बरी कळते. ‘क्युइंग’मध्ये पाच स्वर सलग. ‘कॅचफ्रेज’मध्ये सहा व्यंजने सलग. टंकलेखन यंत्रावरील अक्षरांच्या सर्वांत वरच्या ओळीतील कळा वापरून ‘टाइपरायटर’ हाच शब्द लिहिता येतो, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच ओळीवर एका वनस्पतीचे ‘रप्चरवर्ट’ हे नाव लिहिता येते आणि ते एका अक्षराने लांब आहे, हे शोधायला कोशात बुडी मारावी लागते. आपल्याकडच्या ‘मल्याळम’चे इंग्रजी वर्णलेखन दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येते, आणि हे उदाहरणही या वर्तुळात जुनेच आहे.

शब्दांच्या जोड्यांचा शोध हे आणखी एक दालन. ‘सिनेमॅटोग्राफर’ची पंधरा अक्षरे फिरवून लावली की ‘मेगाकायरॉप्टरन’ हा शब्द होतो, म्हणजे मोठ्या जातीचे, फळांवर जगणारे वटवाघूळ. अर्थाचा काडीचा संबंध नसलेले दोन शब्द अक्षरांनी तंतोतंत एक असावेत, यात काही जणांना नुसती गंमत दिसते. ‘वर्ड वेज’च्या लेखकांनी त्यात मोजण्याजोगे काहीतरी पाहिले. अक्षरे किती प्रमाणात मिसळली, मूळ क्रमातील किती अक्षरे शेजारी शेजारीच राहिली, शब्द दोन्ही बाजूंनी प्रमाण कोशातले आहेत की नाहीत, यावरून जोडीची प्रत ठरवली जाऊ लागली.

अंकाला आकार आला तो अनेकांच्या हातांनी. इंग्लंडहून डॅरिल फ्रान्सिस आणि न्यूझीलंडहून स्क्रॅबलपटू जेफ ग्रँट वर्षानुवर्षे लिहीत राहिले. सुझन थॉर्प यांनी अक्षरांच्या साच्यांचा चिकाटीने पाठपुरावा केला. ‘किकशॉज’ हे चुटक्यांचे सदर डेव्हिड सिल्व्हरमन यांनी रुजवले आणि पुढे डेव्ह मोरिस यांनी अनेक वर्षे खुसखुशीतपणे चालवले. हॉलंडमध्ये राहणारे ली सॅलोज यांचा ‘द न्यू मेरॉलॉजी’ हा लेख फेब्रुवारी १९९० च्या अंकातला. विद्यार्थिदशेत कोड्यांच्या इतिहासावर इथे लिहिणारे विल शॉर्ट्झ १९९३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे शब्दकोडे-संपादक झाले. खुद्द बोर्गमनही दुरावले नाहीत. १९८५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील डेटन येथे निधन होईपर्यंतच्या काळात त्यांनी स्वतःच्या आणि निरनिराळ्या टोपणनावांनी लेख पाठवले. संपादक एकलर यांनी लहान मुलांचे मेरी आणि तिच्या कोकराचे प्रसिद्ध बडबडगीत एकेक अक्षर टाळून पुन्हा पुन्हा रचून दाखवले. त्यांच्या कोरड्या संख्याशास्त्रीय लेखांपेक्षा लोकांच्या लक्षात तेच अधिक राहिले, हेही खरे.

शब्द कोणत्या कोशातला, ही अट वरवर पाहता नोकरशाही थाटाची वाटते. तिची गरज स्वतः कोशांनीच सिद्ध केली होती. वेबस्टरच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ नावाचा एक शब्द होता, अर्थ दिला होता ‘घनता’. घनता या संज्ञेसाठी मोठा किंवा लहान डी वापरावा, अशी सूचना देणारे एक टिपण संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेले आणि ‘डी ऑर डी’ची अक्षरे जुळून शब्द तयार झाला. चूक ध्यानात आली १९३९ मध्ये. लाखो नोंदींच्या प्रमाण ग्रंथात असा निराधार शब्द शिरू शकतो, तर शब्दक्रीडकाच्या वहीत काय काय शिरेल? म्हणूनच या त्रैमासिकाच्या पानांवर नव्या शोधांइतकीच जागा जुन्या दाव्यांच्या झडतीला मिळाली. गावांची नावे चालतात की नाही, अनेकवचन कोशात दिलेले नसेल तर ते गृहीत धरायचे की नाही, रसायनशास्त्रातील नियमाने हजारो अक्षरांपर्यंत ताणता येणारी संयुगांची नावे लांब शब्दांच्या स्पर्धेत घ्यायची की नाही, यावर वाद झडले. काही वाद अंकामागून अंक चालले. बाहेरच्या माणसाला ते हास्यास्पद वाटले असतील. या क्षेत्राची विश्वासार्हता त्यांतूनच उभी राहिली.

संगणक आला तेव्हा कसोटी वेगळीच लागली. योगायोग असा की, ज्या बेल लॅबोरेटरीजमध्ये एकलर नोकरीला होते तिथेच युनिक्स ही प्रणाली जन्मली, आणि मजकुरातून हवा तो अक्षरसाचा क्षणात वेचणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा केन टॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास तिथेच लिहिली. पुढे वेबस्टरच्या दुसऱ्या आवृत्तीवरून केलेली २,३४,९३६ शब्दांची यादी अशा प्रणालींबरोबर फिरू लागली. ज्या मधल्या अक्षरांसाठी माणसे हिवाळाभर कोश वाचत होती, ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पडद्यावर उमटू लागली. हस्तलिखित याद्यांची किंमत एका रात्रीत उतरली. काही जुन्या लेखकांना यात खेळ संपल्यासारखे वाटणे स्वाभाविक होते. पण यादीला जे ठाऊक नाही ते यंत्रालाही ठाऊक नसते. त्या यादीत अनेकवचने आणि क्रियापदांची रूपे जवळपास नाहीत, नंतरच्या वर्षांत रूढ झालेले शब्द तर नाहीतच. शोध सोपा झाला तसा निवाडा अवघड झाला, आणि निवाड्याची सवय ‘वर्ड वेज’ला आधीपासून होती.

दहाच्या चौकोनाचा प्रदीर्घ शोध हे याचे उत्तम उदाहरण. दहा अक्षरांचे दहा शब्द एकाखाली एक असे लिहायचे की पहिला स्तंभ म्हणजे पहिलाच शब्द, दुसरा स्तंभ म्हणजे दुसरा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संघाच्या सभासदांनी असे चौकोन रचले होते, पण त्यांत एकच पाच अक्षरी तुकडा दोनदा जोडून झालेल्या शब्दांचा आधार घेतला होता. ती पळवाट बंद केली तर? ग्रँट यांनी आणि नंतर संगणकाच्या साहाय्याने रेक्स गूच यांनी त्यासाठी वर्षे वेचली. ख्रिस लाँग यांनी १९९३ मध्ये वेगळाच प्रश्न विचारला : हाताशी किती शब्द असले म्हणजे एवढा चौकोन निघण्याची आशा धरता येईल? उत्तर सामान्य कोशांच्या आवाक्याबाहेर जाणारे होते, म्हणून आडगावांची आणि व्यक्तींची नावे चौकोनात येत राहिली आणि प्रत्येक नव्या चौकोनावर नवा आक्षेपही येत राहिला. या साऱ्या अनुभवाचे सार एकलर यांच्या १९९६ च्या ‘मेकिंग द अल्फाबेट डान्स’ या ग्रंथात उतरले. बोर्गमन यांच्या पहिल्या पुस्तकानंतर या विषयावरचा इतका भरीव ग्रंथ दुसरा नाही.

२००६ च्या अखेरीस एकलर यांनी सूत्रे खाली ठेवली. पुढे २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्रैमासिकाचा मुक्काम आता इंडियानापोलिसला हलला. बटलर विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक जेरेमाया फॅरेल हे नवे संपादक, आणि त्यांच्या पत्नी कॅरन सहकारी. पुन्हा एकदा गणिती, पुन्हा एकदा दांपत्य. फॅरेल यांचे नाव शब्दकोड्यांच्या जगात आधीच सर्वतोमुखी झाले होते. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी, अध्यक्षीय निवडणुकीच्या मतदानादिवशी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यांचे कोडे आले. उद्याच्या वर्तमानपत्राचा मथळा कोणता, असे त्यात विचारले होते. उत्तरात क्लिंटन निवडून आले असेही बसत होते आणि बॉब डोल निवडून आले असेही. दोन्ही नावे सात अक्षरी, आणि त्यांना छेदणारा प्रत्येक उभा शब्द दोन्ही प्रकारे बरोबर : एका संकेताला ‘कॅट’ही चाले, ‘बॅट’ही चाले. हीच कल्पना त्यांनी १९८० च्या निवडणुकीवेळीही मांडली होती. तेव्हाच्या संपादकांनी ती नाकारली. सोळा वर्षांनी विल शॉर्ट्झ यांनी ती छापली, आणि निकाल चुकीचा गृहीत धरला म्हणून दोन्ही पक्षांच्या समर्थकांनी वर्तमानपत्राला धारेवर धरले.

फॅरेल दांपत्याच्या काळात अंकात गणिती खेळ आणि जादूच्या युक्त्या यांना अधिक जागा मिळाली. मुद्रित त्रैमासिकांचे दिवस मात्र सर्वत्रच ओसरत होते. हा विषय पूर्वीपासून मोजक्यांचा, त्यात शोध घरबसल्या कुणालाही करता येऊ लागलेला. नोव्हेंबर २०२० चा अंक अखेरचा ठरला. तोवर त्रेपन्न खंड पुरे झाले होते.

पहिल्या खंडापासूनचे लेख बटलर विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात ठेवलेले आहेत. कोशकार, कोडेकार, गणिती आणि भाषेचे अभ्यासक त्यांचा संदर्भ देत असतात. एखाद्या लांब शब्दाविषयी नवा दावा पुढे आला की तो ‘वर्ड वेज’मध्ये आधीच येऊन गेला आहे का, हे पाहण्याची रीत या वर्तुळात पडली आहे, आणि बहुधा तो येऊन गेलेलाच असतो, कधी खोडून काढलेलाही असतो. १८८३ चा कोडेकार संघही चालू आहे. त्याचे वार्षिक अधिवेशन उन्हाळ्यात भरते, सभासद अजूनही टोपणनावांनीच ओळखले जातात आणि ‘द एनिग्मा’ निघते. बटलरच्या संग्रहातील बोर्गमन यांच्या पहिल्या अंकासकट सारे लेख कुणालाही विनामूल्य वाचता येतात.